व्हिक्टोरियन गृहव्यवस्थेचा आदर्श आणि त्यामागील श्रम : इझाबेला बीटन यांच्या ग्रंथाच्या संदर्भात

प्रस्तावना

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा (१८३७ ते १९०१) इतिहास लिहिताना कारखाने, लोहमार्ग, संसदीय सुधारणा आणि साम्राज्यविस्तार यांना अग्रस्थान मिळते. हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या काळातील इंग्रज मध्यमवर्गाची प्रतिष्ठा कारखान्याइतकीच घराशीही निगडित होती. जेवण ठरल्या वेळी वाढले जाते किंवा नाही, दारी आलेल्या पाहुण्याचे स्वागत रीतीप्रमाणे होते किंवा नाही, दार कोण उघडते, यांवरून कुटुंबाची समाजातील पायरी ओळखली जाई. ही रीत शिकविणाऱ्या पुस्तकांना त्या काळात मोठी मागणी होती आणि त्यांतील सर्वाधिक प्रसिद्धी पावलेला ग्रंथ म्हणजे इझाबेला बीटन यांचा ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ (१८६१) होय. या ग्रंथातील पाककृतींचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. त्यात सांगितलेले घर प्रत्यक्षात कोणाच्या श्रमावर उभे होते, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात प्रामुख्याने विचारात घेतला आहे.

अशा पुस्तकांची गरज का निर्माण झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे. १८५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधील शहरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येच्या बरोबरीला येऊन किंचित पुढे गेल्याचे आढळले. कारकून, दुकानदार, वकील, डॉक्टर, लहान कारखानदार असा नवा वर्ग शहराबाहेरच्या उपनगरांत घरे घेऊन राहू लागला. पती सकाळच्या गाडीने शहरात जाई आणि संध्याकाळी परते. नवविवाहिता आई, आजी, मावशी यांच्यापासून दूर, अनोळखी शेजारात संसार मांडीत असे. जे ज्ञान पूर्वी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे स्वयंपाकघरातच हस्तांतरित होत असे, ते आता छापील पानांतून मिळवावे लागत होते. त्यातही या वर्गातील अनेक कुटुंबे नुकतीच वर चढलेली होती. आपल्या आईने कधी नोकर ठेवलेला नाही, अशा स्त्रीला नोकराशी कसे बोलावे हे आईकडून शिकता येणे शक्य नव्हते.

ग्रंथाची जडणघडण

इझाबेला मेसन यांचा जन्म १४ मार्च १८३६ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांच्या निधनानंतर आईने हेन्री डॉर्लिंग यांच्याशी विवाह केला. डॉर्लिंग हे एप्सम येथील प्रसिद्ध घोडदौडीच्या मैदानाचे व्यवस्थापक होते. दोन्ही घरांतील सख्खी व सावत्र मिळून एकवीस भावंडे आणि त्यांत इझाबेला सर्वांत थोरली. शर्यती नसतील तेव्हा धाकट्या मुलांना मैदानावरील प्रेक्षागृहाच्या इमारतीतच ठेवले जाई व त्यांची देखभाल बरीचशी तिच्याकडे असे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे शिक्षण घेत असताना ती केक व पेस्ट्री करण्यास शिकली. १० जुलै १८५६ रोजी प्रकाशक सॅम्युअल बीटन यांच्याशी तिचा विवाह झाला आणि हे दांपत्य लंडनच्या वायव्येस पिनर येथील एका नव्या वसाहतीत राहू लागले.

सॅम्युअल यांनी १८५२ मध्ये ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’ हे दोन पेन्स किमतीचे मासिक सुरू केले होते. विवाहानंतर वर्षभरातच इझाबेला त्यात लिहू लागली. पाककृतींचे एक मोठे पुस्तक करण्याचा विचार निघाला तेव्हा तिने कुटुंबाच्या परिचयातील एका अनुभवी स्त्रीचा सल्ला मागितला. त्या स्त्रीने स्पष्ट कळविले, की पाकशास्त्र वर्षानुवर्षांच्या अनुभवाने येते आणि तो अनुभव तुझ्याजवळ नाही. तेव्हा उत्तमोत्तम पुस्तकांतून पाककृती निवडून संकलन करावे हेच बरे. इझाबेलाने हा सल्ला तंतोतंत पाळला. एलिझा ॲक्टन यांच्या १८४५ च्या ‘मॉडर्न कुकरी फॉर प्रायव्हेट फॅमिलीज’ या ग्रंथातील कित्येक कृती तिने नामोल्लेखाशिवाय उचलल्या. आपल्या लेखनाची अशी लूट होत असल्याची तक्रार ॲक्टन यांनी १८५५ च्या आवृत्तीत आधीच नोंदविली होती. १८५९ च्या प्रारंभी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी बीटन यांच्या ग्रंथाचे मासिक भाग प्रसिद्ध होऊ लागले.

तीन पेन्सांचा एक याप्रमाणे असे चोवीस भाग निघाले. ऑक्टोबर १८६१ मध्ये १,११२ पृष्ठांचा बांधीव ग्रंथ साडेसात शिलिंगांना विक्रीस आला. पहिल्या वर्षातच साठ हजारांहून अधिक प्रती खपल्या. ग्रंथातील सामग्रीत नवीन असे थोडेच होते, परंतु मांडणी मात्र निश्चितच नवी होती. प्रत्येक परिच्छेदास क्रमांक दिलेला होता. प्रत्येक कृतीच्या आरंभी साहित्याची यादी, नंतर कृती, मग लागणारा वेळ, सरासरी खर्च, किती माणसांना पुरेल आणि कोणत्या ऋतूत करावी, असा ठरीव क्रम होता. साहित्याची स्वतंत्र यादी देण्याची कल्पनाही मूळची ॲक्टन यांची. त्या ती शेवटी देत असत, बीटन यांनी ती वर आणली. दिसावयास हा बदल किरकोळ आहे. परंतु जिला काहीच येत नाही, तिला बाजारात जाण्यापूर्वी काय हवे ते एका दृष्टिक्षेपात कळणे हा केवढा दिलासा असेल, याची कल्पना करता येते.

संपूर्ण ग्रंथात बीटन यांची स्वतःची म्हणून जी कृती निश्चितपणे सांगता येते, ती एका साध्या सुपाची आहे. १८५८ च्या कडक हिवाळ्यात पिनरजवळील डझनभर गरीब कुटुंबांसाठी त्यांनी ते आठवड्याला आठ-नऊ गॅलन इतके शिजविले होते. पक्वान्नांच्या त्या गर्दीत हाडे, कांदे, गाजर आणि भात यांचे हे सूप वेगळे उठून दिसते. इतरत्र मात्र अनुभवाचा अभाव जाणवतो. मॅकरोनी दीड ते पावणेदोन तास आणि मोठी गाजरे सव्वादोन तासांपर्यंत उकडावीत, असे ग्रंथ सांगतो. तत्कालीन रुचीचा हा भाग असेल, तरी स्वतः चाखून लिहिणाऱ्या लेखिकेने इतका वेळ लिहिला असता का, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. गृहिणीने पहाटे उठावे, घरातच आपले कर्तव्य व समाधान शोधावे, असे सांगणारी ही लेखिका १८६० पासून स्वतः पतीबरोबर रेल्वेने लंडनला कचेरीत जाऊन संपादनाचे काम करीत होती. पुरुष प्रवाशांनी भरलेल्या सकाळच्या गाडीत तिची उपस्थिती शेजाऱ्यांना खटकत असणार. चोवीस वर्षांची, घराबाहेर पडून नोकरी करणारी संपादिका अनुभवी, पोक्त गृहिणीचा आवाज कागदावर उभा करीत होती आणि तो आवाज वाचकांना पूर्णतः खरा वाटला.

भेटीचा शिष्टाचार

ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात घराच्या मालकिणीची तुलना सेनापतीशी केली आहे. मालकीण जशी असेल तसे घर, हा त्याचा इत्यर्थ. लवकर उठणे, थंड पाण्याचे स्नान, काटकसर, मैत्रिणींची निवड, पोशाख, दानधर्म, नोकरांची नेमणूक असे विषय हाताळल्यावर बीटन पाहुण्यांकडे वळतात. ‘मॉर्निंग कॉल’ म्हणजे सकाळची भेट असे नाव असले, तरी ती प्रत्यक्षात दुपारच्या फराळानंतर द्यावयाची असे. औपचारिक भेट पंधरा ते वीस मिनिटांत आटोपावी. भेटीस आलेल्या स्त्रीने टोपी काढू नये, कारण टोपी काढणे म्हणजे मुक्काम वाढविणे. लाडक्या कुत्र्यास सोबत नेऊ नये. मालकीण घरात असूनही ‘घरी नाहीत’ असे मोलकरणीकडून सांगविणे हा खोटेपणा मानला जात नसे. तो एक मान्य संकेत होता, आणि पाहुणीने केवळ आपले नाव छापलेले कार्ड ठेवून परतावयाचे.

हे नियम आज हास्यास्पद वाटतात. परंतु त्यांचे कार्य गंभीर होते. उपनगरात शेजारी कोण आहे, त्याचे उत्पन्न किती, त्याचे आईवडील कोण, हे सांगणारे गाव उरले नव्हते. अशा स्थितीत वीस मिनिटांची भेट ही एक प्रकारची परीक्षा होती. ज्याला नियम ठाऊक तो आपल्यातला, ज्याला ठाऊक नाही तो बाहेरचा. शिष्टाचाराची पुस्तके ही परीक्षा उत्तीर्ण होण्याचे साधन विकत देत होती, आणि त्यामुळेच परीक्षेचे नियम सतत अधिकाधिक बारीक होत गेले असावेत.

या परीक्षेचा एक भाग मात्र पाहुणीच्या वा यजमानीणीच्या हाती नव्हता. दार उघडणारी, कार्ड तबकात घेणारी, स्वच्छ एप्रनमध्ये चहा आणणारी व्यक्ती तिसरीच होती.

सेवकवर्गाची उतरंड

उत्पन्नानुसार किती नोकर ठेवावेत, याचे कोष्टक बीटन देतात. वर्षाला एक हजार पौंड मिळकत असेल तर स्वयंपाकीण, दोन घरकामाच्या मोलकरणी, मुलांसाठी दाई आणि एक पुरुष नोकर. पाचशे पौंड असल्यास स्वयंपाकीण, मोलकरीण व दाई. तीनशेला एक सर्वकामाची मोलकरीण व दाई. दीडशे-दोनशे पौंडांच्या घरात केवळ सर्वकामाची मोलकरीण आणि लागेल तेव्हा हाताखाली एखादी मुलगी. कोष्टकाचा रोख स्पष्ट आहे. मध्यमवर्गात गणना व्हावी अशी इच्छा असेल, तर निदान एक नोकर हवाच.

वेतनाचे आकडेही दिले आहेत. मोठ्या घराच्या कारभारणीस वर्षाला वीस ते पंचेचाळीस पौंड, स्वयंपाकिणीस चौदा ते तीस, तर सर्वकामाच्या मोलकरणीस नऊ ते चौदा पौंड. चहा, साखर व बिअर मालकाकडून मिळत असेल तर हा आकडा आणखी खाली येई. राहणे व जेवण मिळे हे खरे. तरीही नऊ पौंड म्हणजे आठवड्याला साडेतीन शिलिंगांहून थोडे कमीच. ज्या ग्रंथात तिची कर्तव्ये सांगितली होती, तो विकत घेण्यास तिला दोन आठवड्यांहून अधिक काळाचे वेतन मोजावे लागले असते.

घरगुती नोकरी ही त्या काळी काही थोड्यांची बाब नव्हती. १८५१ च्या जनगणनेनुसार ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक व्यक्ती घरनोकरीत होत्या आणि शेतीखालोखाल हाच सर्वांत मोठा व्यवसाय होता. त्यांपैकी बहुसंख्य स्त्रिया होत्या. दूरचित्रवाणीवरील मालिकांमुळे व्हिक्टोरियन नोकर म्हटला, की मोठ्या हवेलीतील बटलर व गणवेशधारी सेवकांची रांग डोळ्यांपुढे येते. परंतु असंख्य घरांत एकच मुलगी होती. तिला बोलण्यास दुसरा नोकर नसे, काम वाटून घेण्यास तर नसेच.

बीटन यांना याची जाणीव होती, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. नोकरवर्गात खरी कीव करावी अशी हीच, तिचे आयुष्य एकाकी असते आणि काही घरांत तिचे काम कधीच संपत नाही, अशा आशयाचे त्यांचे विधान आहे. तेराएक वर्षांची मुलगी एखाद्या लहान दुकानदाराच्या पत्नीकडे नोकरीस लागते आणि ही मालकीण तिच्यापेक्षा जेमतेम एक पायरी वर असते, हे निरीक्षणही मार्मिक आहे. मात्र यानंतर लगेच कामांची यादी सुरू होते. पहाटे खालच्या खोल्यांची दारे-खिडक्या उघडणे, स्वयंपाकघरातील शेगडी साफ करून पेटविणे, राख काढणे, जोडे व सुऱ्या पुसणे, न्याहारीची खोली झाडून तेथील शेकोटी पेटविणे, दिवाणखान्यापुढची जागा व दारापुढच्या पायऱ्या घासणे, न्याहारी नेणे, मग वरच्या मजल्यावरील बिछाने, रात्रीच्या भांड्यांतील घाण पाणी, मग दुपारचे जेवण, आणि ते वाढताना स्वच्छ एप्रन. चपळ मुलीला एवढे करूनही स्वतःचे कपडे शिवण्यास थोडा वेळ मिळतो, अशी पुस्तीही जोडली आहे. अट एवढीच, की घरची माणसे समंजस असावीत.

या यादीतील प्रत्येक कामामागे किती शारीरिक कष्ट होते, हे आज सहज लक्षात येत नाही. घरातील प्रत्येक शेकोटीसाठी कोळसा तळघरातून वर वाहावा लागे आणि राख खाली न्यावी लागे. स्नानाचे पाणी तापवून जिन्याने वर चढवावे लागे व वापरून झालेले पाणी पुन्हा खाली. शेकोटीच्या लोखंडी जाळीस काळे शिसे लावून ती चकाकेपर्यंत घासणे हे रोजचे काम. कोळशाच्या धुराने पडदे, भिंती, पांढरे कपडे सारेच काळवंडे. म्हणजे ज्या इंधनाने घर उबदार राही, तेच ते अखंड मळवीत असे. धुण्याचे काम बीटन आठवड्यात विभागून देतात. सोमवारी कपडे वेगळे करून भिजत घालावेत, मंगळवारी पहाटे भट्टी पेटवावी, त्यानंतर उकळणे, खळबळणे, नीळ व खळ देणे, पिळणे आणि इस्त्री. हे मोठ्या घरातील स्वतंत्र धोबिणीस उद्देशून आहे. एकाच मोलकरणीच्या घरात ही कामे वरील यादीतच मिळविली जात, किंवा बाहेरून रोजाने बाई बोलवावी लागे.

हॅना कलविक यांची दैनंदिनी

मोलकरणींनी स्वतः लिहिलेले साहित्य अत्यल्प आहे. त्यामुळे हॅना कलविक यांच्या रोजनिशींना असाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. त्यांचा जन्म १८३३ मध्ये श्रॉपशायर परगण्यातील शिफनल येथे झाला. म्हणजे त्या बीटन यांच्यापेक्षा केवळ तीन वर्षांनी मोठ्या. वयाच्या आठव्या वर्षापासून त्या कामाला लागल्या. १८५४ मध्ये लंडन येथे आर्थर मन्बी या सुशिक्षित, उच्च मध्यमवर्गीय गृहस्थाशी त्यांची ओळख झाली. कष्टकरी स्त्रियांविषयी मन्बी यांना विलक्षण कुतूहल होते. त्यांच्या सांगण्यावरून कलविक यांनी रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ केला आणि ती १८७३ पर्यंत चालू राहिली.

बीटन यांच्या ग्रंथाचे मासिक भाग निघत होते, त्याच काळातील, जुलै १८६० ची एक नोंद या दृष्टीने बोलकी आहे. कलविक यांनी दारे उघडली, स्वयंपाकघराची शेकोटी पेटविली, काजळीचे फडके राखेच्या खड्ड्यात झटकले, खोल्या झाडल्या, जोडे साफ केले, बिछाने घातले, घाण पाणी ओतले, न्याहारीची भांडी धुतली, सुऱ्या घासल्या, जेवण वर पाठविले. पुढे दारासमोरची फरसबंदी गुडघ्यांवर बसून घासली. शौचकूप, बोळ व मोरीची जमीनही गुडघ्यांवर बसूनच. कुत्र्याला आंघोळ घातली. रात्रीचे जेवण तयार करून ते वर नेण्यास दुसऱ्या मोलकरणीला सांगितले, कारण स्वतः इतकी मळलेली आणि थकलेली होती, की वर जाणे शक्य नव्हते. मग अंग धुऊन निजली.

दोन्ही यादींतील कामे बहुतांशी तीच आहेत, क्रमही जवळजवळ तोच. फरक पडतो तो दोन ठिकाणी. बीटन यांच्या पानावर काम करणाऱ्या मुलीला शरीर नाही, तिचे गुडघे दुखत नाहीत. कलविक यांच्या वाक्यांत गुडघे पुनःपुन्हा येतात. दुसरे असे, की बीटन स्वच्छ एप्रन बदलून वाढण्यास येण्याची अपेक्षा करतात. तर प्रत्यक्षात दिवसभर घर स्वच्छ करणारी व्यक्ती त्या स्वच्छ घराच्या वरच्या मजल्यावर पाऊल टाकण्यास अयोग्य ठरते, हे कलविक यांची नोंद कोणतीही तक्रार न करता सांगून जाते. घरातील स्वच्छता ही घाण नाहीशी करण्याने येत नव्हती. ती एका माणसाच्या अंगावर हलविली जात होती.

या रोजनिशींचा उपयोग सावधपणे केला पाहिजे, हेही खरे. त्या मन्बी यांच्यासाठी, त्यांना आवडेल अशा रीतीने लिहिल्या गेल्या. कामाने मळण्याचे वर्णन त्यांना हवे होते. कलविक मनगटावर चामडी पट्टा व गळ्यात कुलूप लावलेली साखळी घालीत, आणि त्या नात्यातील सत्तेचा खेळ अभ्यासकांना आजही अस्वस्थ करतो. तथापि महिन्यात किती जोडे साफ केले याची त्या जी मोजदाद ठेवतात, तीत आपल्या ताकदीचा व कौशल्याचा रोकडा अभिमान दिसतो. तो कोणाला खूष करण्यासाठी लिहिला असेल असे वाटत नाही. १८७३ मध्ये मन्बी यांनी त्यांच्याशी गुप्तपणे विवाह केला. विवाहानंतरही त्या पतीच्या घरात मोलकरीण म्हणूनच राहिल्या. ‘बाईसाहेब’ होणे त्यांना मानवणारे नव्हते.

अर्भक, बाळंतीण आणि छापील सल्ला

गृहसल्ल्याच्या पुस्तकांचा प्रभाव सर्वांत गंभीर ठरला तो बालसंगोपनाच्या बाबतीत. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे दीडशे मुले पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत. बीटन यांच्या ग्रंथातील या विषयावरील प्रकरणात दूध पाजण्याच्या बाटलीची शिफारस आढळते. बाटलीचे बोंडूक एकदा नीट बसविले, की नवे लावेपर्यंत ते काढण्याची गरज नाही. साधारण पंधरा दिवसांनी बदलावे, आणि काळजी घेतल्यास ते कित्येक आठवडेही टिकते, असे तेथे सांगितले आहे. काटकसर आणि टापटीप यांच्या भाषेत दिलेला हा सल्ला आजच्या ज्ञानानुसार प्राणघातक होता. ज्या बाटल्यांना लांब रबरी नळी असे, त्यांना पुढे ‘खुनी बाटल्या’ असेच नाव पडले. जंतुसिद्धांत तेव्हा प्रस्थापित व्हावयाचा होता, म्हणून लेखिकेस दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु साहित्याची यादी आणि खर्चाचा आकडा यांनी पानाला जो अचूकपणा येतो, तो त्यावरील प्रत्येक विधानाला चिकटतो. गाजराच्या बाबतीत त्याने फार तर जेवण बेचव होई.

बीटन यांचे पहिले मूल १८५७ मध्ये तीन महिन्यांचे असताना वारले. दुसरा मुलगा १८६२ च्या अखेरीस, तीन वर्षांचा असताना गेला. चरित्रकार कॅथरीन ह्यूज यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात सॅम्युअल यांच्याकडून इझाबेलास उपदंशाची बाधा झाली असण्याची शक्यता मांडली आहे. ती अनुमानाच्या पातळीवरच राहते. २९ जानेवारी १८६५ रोजी चौथ्या मुलाचा जन्म झाला. प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या तेव्हा त्या एका नव्या पाकपुस्तकाची मुद्रिते तपासत होत्या, असे सांगितले जाते. बाळंतज्वराने ६ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावीस.

बाळंतज्वर डॉक्टर व सुईणींच्या हातांनी पसरतो, हे ॲबर्डीनचे अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्येच लिहून ठेवले होते. व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती करून मृत्यू कमी करून दाखविले होते. डॉक्टर सभ्य गृहस्थ असतो आणि सभ्य गृहस्थाचे हात अस्वच्छ असू शकत नाहीत, ही समजूत या ज्ञानाच्या आड आली. दारापुढची पायरी रोज घासली जावी याची काळजी घेणाऱ्या समाजात प्रसूतिगृहात येणाऱ्या हातांविषयी प्रश्न विचारणे शिष्टाचारास धरून नव्हते.

ग्रंथ आणि त्याचे मालक

सेनापती म्हणून जिचा गौरव झाला, त्या गृहिणीचे कायद्यातील स्थान पाहता ही उपमा पोकळ ठरते. विवाहित स्त्रीची स्वतःची कमाई तिच्याच मालकीची, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने मर्यादित स्वरूपात आणि १८८२ च्या कायद्याने पूर्णतः मान्य झाले. इझाबेला यांच्या हयातीत हे दोन्ही कायदे नव्हते. ग्रंथ पतीच्या संस्थेचा होता. मे १८६६ मध्ये ओव्हरएंड, गर्नी आणि कंपनी ही पेढी बुडाली आणि त्या आर्थिक अरिष्टात सापडलेल्या सॅम्युअल यांनी आपल्या प्रकाशनांचे हक्क वॉर्ड, लॉक आणि टायलर या प्रकाशनसंस्थेस विकले. १८६८ पर्यंत ग्रंथाच्या सुमारे वीस लाख प्रती खपल्या होत्या. नव्या मालकांनी लेखिकेच्या मृत्यूचा गाजावाजा केला नाही. आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिली, नवा मजकूर भरला गेला, मूळ लेखन कमी कमी होत गेले, नाव मात्र ‘मिसेस बीटन’ हेच. वाचकांच्या मनात त्या वयाने वाढत राहिल्या आणि एक स्थूल, प्रौढ, सर्वज्ञ गृहिणी अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली.

या साहित्यप्रकाराचे पडसाद हिंदुस्थानातही उमटले. बीटन यांनी करी पावडर, मुलिगाटॉनी सूप आणि बंगाली पद्धतीची आंब्याची चटणी यांना ग्रंथात स्थान दिले होतेच. येथे येणाऱ्या इंग्रज स्त्रियांसाठी फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी १८८८ मध्ये ‘द कम्प्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक’ प्रसिद्ध केले. त्यात सेनापतीची जागा राज्यकर्त्याने घेतली. हिंदुस्थानातील घर चालविणे हे साम्राज्य चालविण्यासारखेच आहे, आणि दोन्हींत नोकरावर जरब हवी, असा त्याचा सूर आहे. मराठीत याच सुमारास, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. त्याची परंपरा निराळी आणि हेतूही निराळा. पण गृहिणीला छापील पुस्तकातून घर शिकविण्याचा काळ इकडेही सुरू झाला होता. त्या पुस्तकाच्या विक्रीच्या पैशातून रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडचा प्रवासखर्च भागविला, ही गोष्ट वरील कायद्यांच्या पार्श्वभूमीवर ध्यानात घेण्यासारखी आहे.

इझाबेला यांचे छायाचित्र १९३२ मध्ये त्यांचे सर्वांत धाकटे चिरंजीव मेसन बीटन यांनी लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीस दिले. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली, केस घट्ट बांधलेली तरुण स्त्री पाहून अनेकांना धक्का बसला. हॅना कलविक यांचे निधन १९०९ मध्ये झाले. मन्बी पुढील वर्षी वारले. त्यांनी आपले कागद केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे सोपविले होते, मात्र १९५० पूर्वी पेट्या उघडू नयेत अशी अट होती. त्या पेट्यांत पत्नीच्या रोजनिशी होत्या. लिझ स्टॅन्ली यांनी संपादित केलेला त्यांतील निवडक भाग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला.